पहिली सही

सोमनाथच्या दारात रोज सकाळी पन्नासेक चपला असतात. मी मोजायला जात नाही, पण आमचा रस्ताच तिथून जातो आणि डोळे मिटून चालता येत नाही.

त्याच्या आधी दहा वर्षं मी या गावचा सरपंच होतो. ग्रामसभेला माणसं गोळा करताना माझ्या घशाला कोरड पडायची, आणि जी यायची ती भांडायला यायची. ठकुबाई तर पुढ्यात बसून एकेका नळाचा जाब विचारायची. मी सगळ्यांना नियमाने उत्तरं दिली आणि निवडणुकीत आपटलो. सोमनाथला कुणी जाब विचारत नाही. कालपर्यंत मार्गासनीच्या बाजाराला टेम्पो घेऊन जाणारा माणूस, आता "तुमचं काम ते माजं काम" म्हणत मोबाईल कानाला लावतो आणि लोक विरघळतात. माझी बायको मंगलसुद्धा म्हणते, "किती ग्वाड बोलतोय वो त्यो!" माझा जळफळाट होतो. तिच्यापासून काय लपवायचं, तिला दिसतंच.

निवडून आल्यापासून त्याने सभा भरवणंच सोडलं. हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरतं. लोक कोऱ्या पानावर सह्या करून शेताला जातात, वर ठराव मागाहून लिहिला जातो. नुसती मेंढरं, असं मी मनात म्हणायचो.

जानेवारीत तो स्वतः माझ्या घरी आला, दहा-बारा माणसं घेऊन. वाकून पाया पडला.

"आबा, गावात तुमीच मोठं. पयली सही तुमची. त्याबिगर म्या दुसऱ्या दारात जात न्हाई."

पान कोरं होतं. मला दिसलं. पण किती दिवसांनी माझ्या अंगणात माणसं उभी होती! मी झोकात सही ठोकली. आबांनी केलीय म्हटल्यावर ठकुबाईनेही अंगठा उठवला.

मार्चमध्ये गायरानाला तारेचं कुंपण पडू लागलं. कुणा बाहेरच्या पार्टीला रिसॉर्टसाठी जागा द्यायला गावाची हरकत नाही, असा ठराव त्या पानावर निघाला.

ठकुबाई धावत माझ्याकडे आली. "आबा, माजी चार म्हसरं कुठं चारू? तुमी कायदा जाणता. सभा मागा. आमी बोलतो की तितं."

तिचं बरोबर होतं. सभा मागता येते, ठराव फिरवता येतो. मी अर्ज लिहून खिशात घातला आणि सोमनाथकडे गेलो. ठकुबाई मागोमाग आली. दारात रांग होती. मला बघताच तो उठून आला आणि हाताला धरून थेट आत घेऊन गेला.

"सभा कशाला, आबा? चार लोक भांडणार, तुमालाच बोलणार. वढ्याकडचं रान तुमच्या गुरांपुरतं मोकळं ठिवतो. फकस्त तुमच्या."

"आन ठकुबाईची?"

"ती यील की माज्याकडं."

मी अर्ज बाहेर काढलाच नाही. तो मला पायरीपर्यंत सोडायला आला. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती, जळत होती. ती नजर मला चांगली ओळखीची. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ठकुबाई पुढे झाली. "आबा, सभा कदी?"

"सभा कशाला?" मी म्हणालो. "रांगंत उबी ऱ्हा. तुजंबी करंल त्यो."