बुटांचा प्रसंग

लेखनाच्या पदव्युत्तर वर्गात एक नियम अपवादाविना पाळला जाई: ज्याच्या कथेवर चर्चा चालू आहे, त्याने ती संपेपर्यंत तोंड उघडायचे नाही. मृदा-रसायनशास्त्र सोडून आलेल्या लीलंडला तो मनापासून पटला होता. मातीचा नमुना आपली साक्ष स्वतः देतो. शेजारी उभे राहून त्याची वकिली करायची नसते.

त्या दिवशी त्याची वर्गमैत्रीण मारेन हिची कथा होती. तीत अनेक महिने कुणालाही न ओळखणारी आई मृत्यूच्या आदल्या दिवशी डोळे उघडते, लेकीच्या पायांकडे पाहते आणि म्हणते, "बर्फात हे कापडी बूट? अक्कल कधी येणार तुला?"

"वा! शेवटचं पान आलं, म्हणून आईसाहेब शुद्धीवर," वर्गातला ट्रेंट म्हणाला. वर्ग हसला.

"लीलंड, तू शास्त्रातला माणूस," प्राध्यापिका हॉलिस म्हणाल्या. "असं होतं?"

झाले होते. मारेनला रुग्णालयात तिच्या आईकडे त्यानेच गाडीने नेले होते. कॉफीचे पेले घेऊन दाराशी उभा असताना ते वाक्य त्याने स्वतः ऐकले होते. मारेनने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. गप्प राहण्याचे बंधन तिच्यावर होते, त्याच्यावर नव्हते.

"अशक्य नाही, पण क्वचित," तो म्हणाला. "कागदावर तरी पटत नाही."

बाहेर गाडीपाशी तिने त्याला गाठले. "तू तिथे होतास."

"वर्गात मी कागदापुरतंच बोलणार, मारेन. नाहीतर उद्या जो तो साक्षीदार घेऊन येईल."

"येऊ दे की. मला एकच पुरला असता."

बर्फ वितळू लागले तेव्हा सुधारलेली कथा आली. आई एक शब्दही न बोलता मरत होती.

"आता कशी खरी वाटते!" ट्रेंट म्हणाला.

"तो बुटांचा प्रसंग पुन्हा घालावा," लीलंड घाईने म्हणाला. "ते घडलं होतं. मी ऐकलंय."

"घडलं असेल," हॉलिस शांतपणे म्हणाल्या. "पण आपण कागदापुरतंच बोलतो ना?"

चर्चा संपल्यावर त्यांनी प्रथेप्रमाणे मारेनला बोलायला सांगितले.

"मी प्रयत्न केला होता," ती म्हणाली. "पण आता आईनं तोंड उघडलं की मला तुमचं हसणंच ऐकू येतं."

जिना उतरताना लीलंडचे लक्ष तिच्या पायांकडे गेले. दाराबाहेर घोट्याएवढा चिखल होता, आणि बूट तेच होते, कापडी.