दुतियम्पि छत्री

ऑटिझम हा शब्द एकदा फायलीवर लागला की लोक मुलाचे बाकीचे अवयव तपासायचे बंद करतात. दात दुखला तरी ऑटिझम, पोट दुखलं तरी ऑटिझम. आमची पूर्वा सहा वर्षांची. चित्रांचं पुस्तक समोर धरलं की फेकायची. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी मात्र तासभर बघायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, बिहेवियर. थेरपिस्ट म्हणाली, बिहेवियर. मी म्हटलं, अहो, हिला जवळचं दिसत नसेल. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माझंच बिहेवियर तपासायला हवं.

सगळ्यांवर कडी माझ्या नणंदेची, कौशल्याताईंची. हडपसरहून धायरीला आल्या की दारातच जयभीम आणि लगेच पूर्वाची हनुवटी धरून तोंड वर. आत्याच्या डोळ्यांत बघ म्हणे. पोर डोळे गच्च मिटायची. मग मला ऐकवायच्या, तूच लाडावून ठेवलंयस.

शेवटी मी तिला सिंहगड रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. पहिल्या खेपेला ती खुर्चीवर न बसता खुर्चीखाली बसली. डॉक्टर चैताली मॅडम म्हणाल्या, घरी चित्रांची नावं सांगायची सवय करा, मग आणा.

इथे माझ्या नवऱ्याची ओळख करून द्यायला हवी. सुखदेव स्कॉलरशिपचे क्लास घेतो. जुने पेपर घोटून घेणं हाच त्याचा धंदा. त्या पहिल्या खेपेला तोही बरोबर होता. मॅडम पाठमोऱ्या होताच त्याने स्क्रीनवरच्या चित्रांच्या तक्त्याचा फोटो काढला. मला वाटलं, नावं शिकवायला असेल. रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की तो तिला घेऊन बसायचा. मी स्वयंपाकघरात. पोरगी बोलतेय एवढंच ऐकू यायचं आणि मी त्यातच खूश.

पूर्वाचं पाठांतर म्हणजे दगडावरची रेघ. आख्खं त्रिशरण येतं तिला. त्यात प्रत्येक ओळ तीनदा म्हणायची असते, दुसऱ्यांदा आधी 'दुतियम्पि' लावून, तिसऱ्यांदा 'ततियम्पि'.

दुसऱ्या खेपेला ती शहाण्यासारखी खुर्चीवर बसली, नजर पंख्यावर. मॅडम रिमोट शोधत होत्या. तेवढ्यात हिने सुरू केलं, थेट वंदनेच्या चालीवर. "घर, छत्री, सफरचंद. मासा, घर, छत्री." शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, एक चूक नाही. मग श्वास घेतला. "दुतियम्पि घर. दुतियम्पि छत्री."

सुखदेवने मांडीवर थाप मारली. "पैकीच्या पैकी."

"सर," मॅडम म्हणाल्या, "स्क्रीन बंद आहे."

माझं डोकंच फिरलं. रिमोट वेळेवर सापडला असता तर नजर उत्तम असा शेरा घेऊन आम्ही घरी आलो असतो, आणि पोरीने जन्मभर पुस्तकं फेकून शिव्या खाल्ल्या असत्या. मी तिथेच त्याला म्हटलं, "सुखदेव, या परीक्षेत तिला नापास व्हायचं होतं."

तो खाली बघत म्हणाला, "एका ठिकाणी तरी पास होऊ दे म्हटलं."



मॅडम म्हणाल्या, आता तिने काही सांगायची गरज नाही. थेंब घातले, तेव्हा पूर्वाने दवाखाना डोक्यावर घेतला. मग खोलीत अंधार करून मॅडमनी तिच्या डोळ्यांत बारीक उजेड टाकला आणि समोर एकेक भिंग धरत गेल्या. परत येणाऱ्या उजेडावरून नंबर कळतो म्हणे. सुखदेवच्या मांडीवर तेवढ्यात ततियम्पिही पूर्ण झालं. प्लस साडेपाच निघाला. जवळचं तिला धड दिसतच नव्हतं. हे पहिल्याच खेपेला का नाही केलं, असं मी तोंडावर विचारलं. मॅडम म्हणाल्या, करायला हवं होतं. बाई सरळ मनाची निघाली.

चष्म्याने ऑटिझम गेला नाही. त्यासाठी आणलाही नव्हता. आधी चष्मा फ्रिजमागे सापडला, मग सुखदेवच्या बुटात. पण एक दिवस पुस्तक मांडीवरच राहिलं आणि पूर्वाचं बोट माशावर फिरत राहिलं. मी श्वास रोखून उभी, गॅसवर भाजी करपली.

रविवारी कौशल्याताई आल्या. जयभीम, हनुवटी, तोंड वर. "आता तरी आत्याकडे बघ."

पूर्वाने बघितलं. जवळून, जरा तिरकं, सावकाश.

"मिशी," ती म्हणाली.

सुखदेव चहा बघायच्या निमित्ताने आत पळाला. चहा ठेवलाच नव्हता. ताईंनी हनुवटी सोडली.

हल्ली त्या पूर्वाला दारातूनच जयभीम करतात. ती टाकीकडे बघत जयभीम म्हणते, आणि ताईंना तेवढं पुरतं.