चारची फेरी

"झालं का? चार वाजत आले," स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली.

"होतंय गं! घोड्यावर बसून येऊ नकोस," कंडक्टर कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाला.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. बायको त्याच्याच बसची ड्रायव्हर. नजर अधू होऊन तिचं लायसन्स गेलं, तेव्हा त्याने बस चालवायचा गेम आणला, स्टिअरिंगसकट. मग तिला नीट दिसावं म्हणून मॉड जमवले, म्हणजे गेमचं रूप पालटणाऱ्या छोट्या फाइली. एकाने रस्त्यावरच्या पट्ट्या जाड केल्या, एकाने आरसे दुप्पट, एकाने रात्र कायमची हद्दपार. रोज चारला ती जुनी फेरी मारायची आणि मग संध्याकाळभर माणसात असायची.

परवा गेम अपडेट झाला आणि अख्खा रस्ता भडक गुलाबी झाला.

दोन दिवस फेरी नाही. तिने घासलेली भांडी पुन्हा घासली, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. तिची तगमग त्यालाही लागली; टेबलाखाली त्याचा गुडघा थांबेना. निम्मे मॉड बंद केले, रस्ता गुलाबी. ते लावून उरलेले बंद केले, तरी गुलाबीच. म्हणजे चोर दोन्हीकडे होते.

"सरक. आता मला धीर नाही," हात पुसत ती थेट खुर्चीत बसली.

"अगं, अजून..."

तिने बस काढलीसुद्धा. आता ही ओरडणार.

"जमलं की तुला! रस्ता कसा काळाभोर दिसतोय."

त्याने वळून पाहिलं. पडद्यावरचा रस्ता अजून गुलाबीच होता; त्याच्या उजेडाने तिच्या चष्म्याच्या काचाही गुलाबी झाल्या होत्या. ओठ पुटपुटत होते. ती सेकंद मोजत होती. बेचाळीसला तिने डावं वळण घेतलं, अगदी बिनचूक. इतकं बिनचूक एका दिवसात जमत नाही. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. इतके महिने तो कुणासाठी पट्ट्या जाड करत होता?

थांब्याच्या अलीकडेच तिने ब्रेक दाबला.

त्याने फाइलींची यादी बंद केली आणि स्टूल तिच्या मागे ओढलं.

"पुढे येऊ दे... येऊ दे... अजून थोडी... थांब."

तिने मान वळवली नाही.

"चढले सगळे?"

"चढले."

पूर्वी तो घंटेची दोरी दोनदा ओढायचा, तसं त्याने पेनाने टेबलावर दोनदा वाजवलं. तिने बस सोडली.