मिशांच्या आडचं बोलणं

माझी नात रक्षा अकरा वर्षांची आहे. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी नागपूरला ऑपरेशन झालं आणि कानाच्या आत बारीक तार बसवली. बाहेर कानामागे मशीन असते आणि डोक्यावर रुपयाएवढी चकती चुंबकाने चिकटलेली असते. चकती काढली की तिला काहीच ऐकू येत नाही.

तिला बोलायला माझ्या बायकोनं, देवकानं शिकवलं. नागपूरच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं तसं ती रोज रक्षाला समोर बसवायची, स्वतःच्या तोंडावर पदर धरायची आणि एकेक शब्द बोलायची. धान, पान, कान. रक्षानं नुसतं ऐकून तो ओळखायचा. मी ओसरीतून बघायचो. मला वाटलं, हिच्याशी बोलायची रीतच अशी, तोंड न दाखवता. म्हणून मी मागून जाऊन मशीनजवळ तोंड नेऊन मोठ्यानं बोलायचो. ती दचकायची आणि देवकाकडे बघायची. मग माझं बोलणं देवका तिला पुन्हा सांगायची. आठ वर्षं असंच चाललं.

"अवो, मागून भोंग्यावानी काहून वरडता?" देवका म्हणायची. "पदर शिकवन्यापुरता हाये. पोरगी थोडं कानानं आयकते, थोडं ओठ पाहून समजते. तुमचे ओठ त मिशाईत गेले. कापा त्या."

"मिशा कापून गावात फिरू? बाप मेला तवाच कापल्या होत्या."

"मंग आता मी मरू काय?" ती हसायची.

कार्तिकात, धान कापणीला आलं असताना देवका गेली. चार दिवसांचा ताप झाला, बस.

घरात माझा मुलगा कुलदीप आणि सून रिता आहेत. कुलदीपचं मोहाडीला दुकान आहे. रिता अंगणवाडीत जाते. दुपारी शाळेतून आल्यावर रक्षाजवळ देवका असायची. आता मीच. रक्षा काही विचारायची, मी सांगायचो, आणि ती देवका बसायची त्या जागेकडे बघायची.

पाचव्या दिवशी रिता माझ्याजवळ येऊन बसली. "मामाजी, राग नोका मानू. रक्षाले लाखांदूरले माझ्या आईकडे ठेवावं म्हनतो. तिथं माझी बहीन रत्नमाला हाये, तिच्याशी बोलते ते. इथं दिवसभर तुमी दोघंच. तुमचं तिले समजत नाही."

ती बोलत होती ते खरंच होतं. तेरावं झालं की न्यायचं ठरलं. रक्षाची पिशवी भरली गेली.

दहाव्याला वैनगंगेच्या काठी खुशाल न्हाव्यानं माझे केस आणि मिशा उतरवल्या. घरी आलो तेव्हा रक्षा दारात उभी होती. माझ्याकडे बघतच राहिली.

"आबाजी, तुमचे दात दिसून राहिले."

मी थकलो होतो. तिच्या मागे जायचं, वाकायचं त्राण नव्हतं. उभ्या उभ्याच म्हणालो, "थंडी वाजून राहिली. आजीची शाल आन."

ती आत गेली आणि शाल घेऊन आली.

रिता कमरेवर पाण्यानं भरलेला गुंड घेऊन तिथेच उभी होती. "मामाजी," ती म्हणाली, "तिले आता कोनं सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्षानंच मला समोर बसवलं. "नुसत्या मशीनीत धान अन् पान सारखंच वाटते. तुमचे ओठ मिटले का समजते, पान."

"मंग मशीन कायले पायजे? ओठच पाह्य."

तिनं चकती काढली. "बोला."

मी 'पान' म्हणालो. "पान," ती म्हणाली. मी 'मान' म्हणालो. "पान," ती म्हणाली. चकती लावली, मी पुन्हा बोललो. "मान. पाहा, दोनी पायजे."

मग तिनं विचारलं, "मी शाळेत गेल्यावर आजी तुमाले काय म्हने?"

मी सांगायला लागलो. एखादी गोष्ट तिला कळली नाही की ती हात वर करायची, मी पुन्हा सांगायचो. ऊन कललं तेव्हा तिनं माझी खाट दाराशी ओढायला लावली, तोंडावर उजेड यावा म्हणून. रिता अंगणवाडीतून आली तरी आमचं संपलं नव्हतं. तेराव्यानंतर लाखांदूरची गोष्ट कोणी काढली नाही. पिशवी रक्षानंच रिकामी केली.

देवका असताना फक्त न्हाव्याकडे जायचं होतं. हे मला रोज आठवतं. तिनं आम्हा दोघांना बोलताना पाहिलं असतं, आणि तिला आठ वर्षांनी थोडा आराम मिळाला असता.

आता माघ चालू आहे. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी मी खुशालकडे जातो.

"केशवराव, आता त ठेवा मिशा," तो म्हणतो. "लोक म्हनतात, बुढ्याचं सुतक अजून फिटलं नाही."

"म्हनू दे. तू काप."

लोकांचं काही फार चुकत नाही. घरी आलो की रक्षा माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवते आणि नीट तपासते.

"आबाजी, डाव्या बाजूले थोडी राहिली."

मग मी परत खुशालकडे जातो.