त्या बाई

राधाने चमच्यातल्या पेजेवर फुंकर घातली आणि चमचा प्राचीच्या तोंडाशी नेला.

“तुम्ही कशाला त्रास घेता?” प्राची म्हणाली. “माझी आई येईलच आता.”

शेजारच्या खाटेवरच्या आजींना पहिलंच वाक्य ऐकू आलं आणि कौतुक वाटलं. “किती वळणाची गो तुझी लेक! आईला तुम्ही म्हणते.”

लालबागच्या त्यांच्या घरात आईला तुम्ही म्हणायची रीत कधीच नव्हती. कॉलेजात जाणारी ही पोर परवापरवापर्यंत ‘तू गप गो’ म्हणून राधावर डाफरायची. आता पाहुण्या बाईशी बोलावं तशी गोड बोलत होती. त्यापेक्षा भांडली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर उन्मेष तपासून निघाले, तसं राधाने त्यांना व्हरांड्यात गाठलं.

“पोरीला वेड लागलंय का, डॉक्टर? खरं सांगा.”

“नाही हो. तिचा ल्युपस आजवर सांध्यांपुरता होता, आता मेंदूपर्यंत पोचलाय. रोगाशी लढणारी शरीराची फौज आपल्याच मेंदूला परकं समजतेय. म्हणून तुम्ही तिला परक्या वाटता. सलाईनमधून स्टेरॉइड चालू आहे, सोबत मन शांत ठेवणारी गोळी. बऱ्याचदा गुण येतो.”

“बऱ्याचदा?”

“खात्री नाही देत.”

राधा थक्क झाली. लेक आईला ओळखत नव्हती, कारण लेकीचं रक्तच लेकीला ओळखत नव्हतं! भूतबाधा झाली म्हणणाऱ्या लालबागच्या शेजारणींना इतकं अचाट काही सुचलं नसतं. ती खाटेशी परतली. त्या दिवसापासून “येतील हं तुझ्या आई” असं ती स्वतःच सांगू लागली.

काही आठवड्यांनी, एका सकाळी राधा तिची वेणी घालत असताना प्राची कळवळली.

“आई, किती ओढतेस गो!”

राधाचे हात थांबले. तिला रडू आलं, हसूही आलं. पाण्यासारखं दिसणारं ते औषध! तिने सलाईनच्या स्टँडलाच हात जोडले.

प्राचीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“तू नव्हतीस ना, तेव्हा एक बाई असायच्या इथे. भरवायच्या, पाय चेपायच्या. कधी रागावल्या नाहीत. तुझ्यासारख्याच दिसायच्या.”

राधाने सुटलेले पेड पुन्हा गुंफायला घेतले.

“घरी गेलो की त्यांना जेवायला बोलवूया?” प्राचीने विचारलं.

“बोलवू. काय करू त्यांच्यासाठी?”

“तुला आवडतं तेच कर.”