चमनचा हलका हात

जोतीरामच्या घोट्याची सूज हटेना आणि दरबारापुढची कुस्ती पाच दिवसांवर आली. ती मारली तर गड्याला दरबारचा खुराक लागणार, हुकली तर गावाकडं जाऊन नांगर धरायचा. चार वर्षं त्याला घडवणारे हंबीरराव वस्ताद नुसते धुमसत होते.

त्यात तो चमन! मंगळवार पेठेतला नावाजलेला हाडवैद म्हणून तालमीच्या पंचांनी आणला खरा, पण हा बाबा रोज दुपारी येऊन करायचा काय? सूज घोट्यावर, अन् ह्याचा हात फिरणार जांघेपाशी. मग मांडी, मग पोटरी, घोटा सगळ्यात शेवटी. तेही असं, की मांजर कुरवाळतोय. तेलाचा थेंब नाही, जोर नाही. तालमीत मालीश म्हणजे माणूस कळवळला पाहिजे.

"वरची वाट मोकळी केल्याबिगर खालची सूज उतरत न्हाय, वस्ताद," चमन म्हणायचा.

वस्तादांना हे काही केल्या पटेना. कुस्तीत समोरचा गडी शिरोळचा, आणि चमनची बहीण दिलेली शिरोळलाच. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चमनच्या नकळत त्यांनी आपला उपाय सुरू केला. रोज सकाळी कोपर लावून, स्वतः घामाघूम होईस्तोवर ते जोतीरामचा पाय रगडायचे.

तरी सूज वाढतीच. चौथ्या दिवशी त्यांनी चमनला भर तालमीत धरलं. "शिरोळकरांचा माणूस हाईस तू. पाय रोज सुजतोय कसा, बोल."

चमन चिडला नाही. त्यानं खिशातून दोन गाठी मारलेला दोरा काढला.

"ही गाठ काल मी जातानाच्या घोट्याच्या मापाची, ही आज आल्यावरची. माझ्या हाताखाली उतरलेली सूज सकाळला पुन्हा चढती. मधी पायाला हात कोण लावतं?"

जोतीराम खाली बघत म्हणाला, "वस्ताद रगडत्यात की. रोज सकाळी."

हंबीरराव जोतीरामकडं वळले. "दुखत हुतं तर बोलला का न्हाईस रं?"

"तुमच्या हाताला न्हाय कसं म्हणू?"

वस्तादांनी चमनकडं पाहिलं. "परवा उभा राहील?"

"आता न्हाय राहणार," चमन म्हणाला आणि पुन्हा जांघेपासून हात फिरवायला लागला.

कुस्तीतलं नाव मागं घ्यायला वस्ताद स्वतः गेले. कारकुनानं कारण विचारलं.

"गड्यात खोट न्हाय," ते म्हणाले. "वस्तादात हाय. तसंच लिहा."