न मोजलेले वीस श्वास

"बोटं नाडीवर ठेव, डोळे छातीवर. आणि मोजतेयस हे पेशंटला कळू देऊ नकोस. कळलं की माणूस श्वास नीट घ्यायला लागतो."

मेट्रनबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण नव्या नर्सेसना शिकवायला उभी राहिले की आधी त्यांचाच आवाज कानात येतो. पेशंट ढासळू लागला की पुष्कळदा सगळ्यांत आधी मिनिटाचे श्वास वाढतात. नेमका तोच आकडा अंदाजाने लिहिला जातो.

त्या दुपारी सहा जणींना घेऊन मी बायकांच्या वॉर्डात गेले आणि खाटांजवळचे तक्ते वाचायला लावले.

"श्वास किती?"

"वीस."

"पुढची खाट?"

"वीस."

"आणि त्या आजी?"

"त्याही वीसच, मॅडम."

"अख्खा वॉर्ड एका तालात? कवायत चाललीय का इथे?"

खसखस पिकली. माझ्यामागे मला घड्याळबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

नऊ नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. पित्ताशयाच्या ऑपरेशनला तिसरा दिवस. त्यांच्याकडे मी सहांतल्या चष्मेवालीला पाठवलं. वर्गात ही कधी तोंड उघडत नाही. मिनिट संपलं तरी ती मावशींचा हात सोडेना. पुन्हा मोजून ती माझ्याजवळ आली.

"अठ्ठावीस," ती पुटपुटली. "पण सकाळी वीस लिहिलंय. माझंच चुकलं असेल."

"दोनदा मोजलंस ना? मग बरोबर आहे. हात कसा लागला?"

"गार. ओलसर. नाडी एकशे अठरा."

"डॉक्टरांना फोन कर. मला काळजी वाटतेय, असंच सांग."

"ओरडतील, मॅडम."

"ओरडू देत. माझ्या नावाने ओरडा म्हणावं."

डॉक्टर लगेच आले, ओरडले नाहीत. ऑक्सिजन लावला. फुप्फुसात रक्ताची गुठळी असावी म्हणाले, अतिदक्षता विभागात हलवायला सांगितलं. मग तक्ता चाळत म्हणाले, "सकाळी बऱ्या होत्या. म्हणजे हे आत्ताच सुरू झालं."

सहाही जणी माझ्याकडे बघत होत्या. गप्प राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं.

"सकाळचा आकडा धरू नका, डॉक्टर. ते अक्षर माझं आहे. मी मोजलं नव्हतं."

सकाळी वॉर्डातल्या दोघी नर्स रजेवर, म्हणून मी फेरीला हात लावला होता. मावशींनी विचारलं, "काही खाल्लंस का गं? चेहरा उतरलाय." उपास आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "मग दूध तरी घे." घरी मला हे विचारणारं कुणी उरलेलं नाही. मी खाटेच्या कडेला टेकले. त्या काज-बटणांचं सांगत राहिल्या, मी ऐकत राहिले. दर दोन शब्दांमागे त्या थांबत होत्या. कानावर पडत होतं, पण मनात शिरलं नाही. उठताना वीस लिहून मोकळी झाले. पहाटे जपाचा एक मणी चुकला तर माळ पहिल्यापासून ओढणारी मी.

"किती वाजता?" डॉक्टरांनी विचारलं.

"साडेसातला. तेव्हाच धाप होती."

त्यांनी तसं लिहून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ट्रॉली हलली तेव्हा मावशींनी मास्क बाजूला केला. "चारला माझी... धाकटी लेक येते. रिकामी खाट बघून... हातपाय गाळेल. तू खाली... दारात उभी राहशील?"

"राहीन. ओळखू कशी?"

"माझ्यासारखीच. फक्त... बोलते जास्त." त्या हसल्या. "खरं काय ते... सांग तिला."

"सगळं सांगेन," मी मास्क नीट बसवत म्हटलं.

त्यांना नेल्यावर मी वॉर्डात राहिलेल्या तक्त्याच्या प्रतीवरचा वीस एका रेघेने खोडला आणि शेजारी सही केली. चष्मेवाली मागेच उभी होती.

"मॅडम, मी येऊ बरोबर?"

"नको. बाकीच्या खाटा राहिल्यात. पूर्ण मिनिट मोज."

चार वाजायला दहा मिनिटं होती. भेटीच्या वेळेला आलेली माणसं लिफ्टने वर येऊ लागली होती. मी पदर सारखा केला आणि जिन्याने खाली निघाले.